ठिपका घरावर की बागेवर?

काजूचा हंगाम लागला की आमच्या दोडामार्गात घरं दुपारपर्यंत ओस असतात. सगळे बी वेचायला बागेत. पूर्वी बरोबर पिशवी, कोयता आणि पाण्याची बाटली असायची. २०१६ साली तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हापासून गोचिडी अंगाला चिकटू नयेत म्हणून डीएमपी तेलाची बाटलीही असते. आई ते तेल पायांना, हातांना, मानेला चोळते आणि मगच उंबरा ओलांडते.

नकाशे करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यात बसून रस्ते, जलवाहिन्या, प्लॉटच्या हद्दी आखते. एका सुट्टीत वाटलं, आपल्या तीन वाड्यांमध्ये हा ताप कुणाकुणाला येऊन गेला तेही मांडून बघू. नावं लिहायची नाहीत, फक्त ठिपके. घरोघरी गेले, विचारलं आणि ज्याला ताप आला त्याच्या घरावर ठिपका दिला. संध्याकाळी नकाशा उघडला तर सगळे ठिपके देवळाजवळ आणि डांबरी रस्त्याच्या कडेने. मला ते खरंच वाटलं. ताप वस्तीत आहे, असंच तो नकाशा सांगत होता.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "घर खंय ता कित्याक इचारतंस? तो बी वेचूक खंय गेल्लो, ता इचार."

मी दुसऱ्या दिवशी परत सगळीकडे गेले. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. गोचीड चावते, विषाणू अंगात जातो आणि साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप भरतो. म्हणून विचारायचं ते त्याआधीच्या आठवड्याचं: कुठल्या बागेत होतात? गुरं कुठे सोडलीत? भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेरा (झाडाखालचा सुका पाला) कुठून आणलात? एका काकींनी तर मला थेट जागेवरच नेलं. काजूच्या बुंध्याशी पातेरा घोट्याच्याही वर साचला होता, कुजून खाली ओलसर. त्या रोज तिथेच फतकल मारून बोंडू पिळून बी वेगळी करायच्या. गोचिडीचं पिल्लू मोहरीच्या दाण्याहून लहान, चावलेलं कळतही नाही. अशा ठिकाणी तपासणीला येणारी माणसं पांढरं कापड जमिनीवरून ओढत नेतात. त्यावर चिकटलेले बारीक काळे ठिपके म्हणजे गोचिडी.

ठिपके नवीन जागी लावले, तेव्हा ते वस्तीतून उठून रानाच्या कडेला गेले. जंगल तोडून मधेमधे काजू, रबर लावलं आहे, तिथे. माणूस, गुरं आणि माकडं जिथे एकाच वाटेने जातात, तिथे.

मोठ्या नकाशावरही हेच दिसतं. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि माकडतापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला. पुढची कित्येक दशकं ठिपके शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच राहिले. मग २०१२च्या सुमारास दक्षिणेला बंदीपूर, पुढे केरळात वायनाड. उत्तरेला २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी, पुढच्या वर्षी आमचं केर आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातलं बांदा. सगळे ठिपके सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. तिलारीच्या रानाला महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक हे काही माहीत नाही, पण आपले नकाशे राज्याच्या रेषेवर थांबतात. आमच्याकडचा माणूस उपचाराला गोव्यात गेला, तर त्याचा ठिपका कुठे पडणार?

आणखी एक गोष्ट मला कळायला वेळ लागला. कोऱ्या जागेचा अर्थ तिथे रोग नाही, असा होत नाही. तिथे कुणाचं रक्त तपासलं गेलं नाही, असाही होतो. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, डोळे लाल. हे सगळं बऱ्याच तापांत होतं. तपासणीशिवाय माकडताप ओळखायचा कसा? आणि यावर नेमकं औषध नाही, वेळेवर दवाखाना गाठणं हाच आधार. शंभरात तीन ते पाच माणसं दगावतात. म्हणून नकाशावर कोऱ्या वाड्यांना मी आता वेगळा राखाडी रंग देते आणि हा रंग बघून मला झोप लागत नाही.

गोल ठिपके माणसांचे, त्रिकोण मेलेल्या माकडांचे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून तर आरोग्य खातं अशा जागेभोवती कीटकनाशक पावडर मारतं. पण त्यांना कळवायला हवं ना कुणीतरी. त्रिकोण वेळेत लागला तर शेजारचा गोल टळू शकतो.

गेल्या मार्चात आईचा सकाळी फोन आला. वरच्या बागेत फणसाखाली वानर मरून पडलेलं. जवळ जाऊ नको, कुणाला पातेरा उचलू देऊ नको, एवढं तिला सांगितलं आणि आरोग्य केंद्रात फोन लावला. मग नकाशा उघडून फणसाच्या जागी त्रिकोण लावला, खाली तारीख लिहिली. त्याच्या आसपास कुणाकुणाच्या बागा येतात ते बघितलं आणि एकेकाला फोन करत बसले.