आमची वाटचाल : चेंज व्हीलपासून सर्व्होपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं युनिट सुरू झालं ते मागांचे गिअर आणि पिनियन कापायला. टॉवेलचे इंचामागचे पिक (आडवे धागे) बदलायचे तर चेंज व्हील, म्हणजे त्यासाठीचा गिअर, बदला, अशी तेव्हाची रीत. आज त्याच टेरी (लूपवाल्या टॉवेलच्या) मागांवर आम्ही सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात नेमकी थांबणारी) आणि तिला हुकूम देणारा मोशन कंट्रोलर बसवतो. काम मात्र मुळात तेच आहे. मेन शाफ्ट कुठेही असो, बाकीचे शाफ्ट ठरलेल्या कोनातच सापडले पाहिजेत. नुसता वेग जुळवायला साधा व्हीएफडीही (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पुरतो. कोन जुळवायचा आणि पाळी संपेपर्यंत तो हलू द्यायचा नाही, यात खरी कसोटी.

पहिला टप्पा होता कॉम्प्युटरचा पॅरलल पोर्ट आणि स्टेपर मोटरचा, म्हणजे प्रत्येक पल्सला (विजेच्या ठोक्याला) एक पाऊल फिरणाऱ्या मोटरचा. पोर्टातून सेकंदाला २५ हजार पल्स निघणार आणि मोटरच्या एका फेऱ्याला २००० पल्स लागणार, म्हणजे मोटर ७५० आरपीएमच्या पुढे जाऊच शकत नाही. शिवाय स्टेपरची स्टेप चुकली तरी ती सांगत नाही, कापडच सांगतं. मग लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर आलं. फुकट आणि रिअल टाइम, म्हणजे ठरल्या क्षणी काम करणारं. त्यात मेन शाफ्टच्या एन्कोडरचा (कोन मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा गुणकातून दुसऱ्या अक्षाला सरळ जोडता येतो. सिंक म्हणजे काय हे आम्ही त्यावरच शिकलो, आणि नवीन पोराला अजूनही तिथूनच शिकवतो. आता बहुतेक पॅनेलमध्ये इथरकॅट या नेटवर्कवरचे ड्राइव्ह आणि कोडेसिस हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर असतं. सगळ्या ड्राइव्हची घड्याळं १ मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली राहतात, त्यामुळे नेटवर्कमुळे कोन हुकला असं सहसा होत नाही. तो हुकतो दुसरीकडेच.

पहिली जागा गिअर रेशोची, म्हणजे एक शाफ्ट दुसऱ्याच्या किती पट फिरायचा त्या सॉफ्टवेअरमधल्या आकड्याची. टॉवेलचा लूप तीन पिकांत पडतो. दोन पिक फणी (धागा ठोकून बसवणारी) सैल सोडते, तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकते. म्हणजे फणीची ही चाल ठरवणारा लूपचा कॅम मेन शाफ्टच्या तीन फेऱ्यांत एकदा फिरणार. हा रेशो कुणी ०.३३३ असा टाकला की १००० पिकांत कॅम १२० अंश मागे पडतो. तो अख्ख्या एका पिकाचा फरक, आणि माग २०० आरपीएमवर असेल तर अवघ्या ५ मिनिटांत. लूप बिघडायला त्याआधीच सुरुवात झालेली असते. रेशो कायम अपूर्णांकात द्यायचा, वर १ आणि खाली ३. गिअर ब्लॉकमध्ये त्यासाठी दोन वेगळे रकाने असतात. विणलेलं कापड ओढणाऱ्या टेक-अप रोलरला एवढी चूक खपून जाते, कारण तिथे फक्त लांबीत किंचित फरक पडतो. कॅमला नाही.

दुसरी जागा उशिराची. एन्कोडर वाचायचा, हिशेब करायचा, ड्राइव्हपर्यंत पोचवायचा, यात समजा ४ मिलिसेकंद गेले. २०० आरपीएमला शाफ्ट सेकंदात १२०० अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात ४.८ अंश पुढे निघून जातो. १२० आरपीएमला हाच फरक २.८८ अंश. म्हणून हळू चालवून जुळवलेला माग पूर्ण वेगाला बिघडतो आणि फिटर बिचारा मेकॅनिकल खूण हलवत बसतो. आम्ही मास्टरचा, म्हणजे मेन शाफ्टचा, कोन तेवढ्या वेळाने पुढे ढकलून वापरतो. पण फणी ठोकताना मेन शाफ्टचा वेग दर फेऱ्याला हेलकावतो. फिल्टर (हे हेलकावे गुळगुळीत करणारा हिशेब) न लावता कोन पुढे ढकलला तर मोटर गुरगुरते, आणि फिल्टर जड केला तर उशीर पुन्हा वाढतो. मधला आकडा मागावर उभं राहूनच काढावा लागतो.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो पाइल बीम, म्हणजे लूपच्या धाग्याचा मोठा रूळ. जमिनीच्या (कापडाच्या पायाच्या) ताण्याच्या साधारण चार-पाच पट धागा लूपमध्ये जातो, आणि बॉर्डर आली की हीच मागणी एकदम एकपटीवर येते. भरलेल्या बीमचं वजन मोठं. रेशो झटक्यात खाली आणला तर बीम आपल्या जोरात फिरत राहतो, धागा सैल पडतो आणि बॉर्डरच्या पहिल्याच इंचात नको तिथे लूप उठतात. उलट बॉर्डर संपताना बीम उशिरा वेग घेतो आणि लूप बुटके येतात. यावर उपाय म्हणजे डिझाइनमधल्या पिकांची गिनती आधीच वाचून बदल काही पिक अगोदर सुरू करायचा आणि कॅम टेबलने (कोणत्या कोनाला अक्ष कुठे हवा त्या तक्त्याने) गोलाई देत न्यायचा. बीमचा व्यासही घटत जातो. ८०० मिमीवरून २०० मिमीवर आला की मोटरला चौपट फेरे द्यावे लागतात. म्हणून इथे रेशो ठरवून सोडून देता येत नाही. लोड सेलने मोजलेला धाग्याचा ताण बघून तो हळूहळू दुरुस्त करत राहायचा. ही दुरुस्ती घाईची ठेवली की ताण झोके घेतो.

माग थांबला म्हणून ड्राइव्ह बंद करायचे नाहीत. तुटलेला बाणा शोधायला विणकर माग हाताने उलटा फिरवतो, तेव्हाही सगळे अक्ष त्याच्या मागे उलटे आले पाहिजेत. सॉफ्टवेअरमधला गिअर सुटला असेल तर कोन गेला, आणि कापडावर आडवी पट्टी पडलीच म्हणून समजा.

सॉफ्टवेअरवर खापर फोडायच्या आधी आम्ही एन्कोडरचं कपलिंग बघतो. ग्रब स्क्रूचं कपलिंग फणीच्या धक्क्यांनी केसभर सरकतं. स्क्रीनवर सगळं जुळलेलं दिसतं आणि कापड वाकडं येतं. आता क्लॅम्पचंच कपलिंग लावतो आणि शाफ्टपासून कपलिंगपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की रोग सापडला. एन्कोडरची केबल मोटर केबलपासून फूटभर लांब ठेवायची आणि शील्ड (केबलवरची धातूची जाळी) गोल क्लॅम्पने पॅनेलच्या पत्र्याला दाबून बसवायची. शील्ड पिळून शेपटीसारखी जोडणं चालत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा आणि कापसाची लव हे वेगळंच प्रकरण. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात, आणि मे महिन्यात शेडमध्ये तेवढं तापमान सकाळीच असतं. त्यात पंख्याची जाळी लवीने बुजली की ओव्हरहीटचा ट्रिप येतो. म्हणून ड्राइव्ह एक साइज मोठा घेतो, आणि जाळी दर पाळीला झटकायची सूचना पॅनेलच्या दारावर मराठीत आणि तेलुगूत लावतो, कारण सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच विणकर घरी तेलुगू बोलतात.

लाइट गेली की प्रत्येक ड्राइव्ह आपापल्या वेळेला झोपतो. सगळ्यांची डीसी बस (आतला वीजसाठा) एकत्र केली की ते बरोबर थांबतात. कंट्रोलर आणि एन्कोडरला २४ व्होल्टचा छोटा यूपीएस देतो आणि पाइल बीमच्या मोटरला ब्रेकवाली घेतो. एन्कोडरला बॅटरी असेल तर ती ड्राइव्ह चालू ठेवूनच बदलायची. बंद करून बदलली तर होम, म्हणजे शून्याची जागा, जातं, आणि त्या मागाचे सगळे अक्ष पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागतात.