माझा अनुभव : तुंबलेले क्लेम आणि क्वेरीचा ढीग

पाऊस ओसरता ओसरता नागपुरात आरोग्य विम्याचे डेंग्यूचे क्लेम वाढतात आणि धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांच्या फायली क्लेम तपासणाऱ्या ऑफिसात साचू लागतात. अशा वेळी वरून पहिला उपाय येतो तो माणसं वाढवण्याचा. माझ्या मते ती दुसरी पायरी. आधी ढीग वेगळे करा: नव्या फायली, क्वेरी (म्हणजे राहिलेल्या कागदांची मागणी) गेलेल्या, क्वेरीचं उत्तर आलेल्या, तपासणीला दिलेल्या आणि मंजूर होऊनही पैसे परत आलेल्या.

उत्तर आलेल्या फायली आधी उचलायच्या. मी वापरलेल्या सिस्टिममध्ये उत्तर नोंदलं की तारीख नव्यानं सुरू व्हायची. जुनी फाइल रांगेच्या शेपटाला जायची आणि रिपोर्टात मात्र ताजी दिसायची. म्हणून फाइलचं वय क्लेम दाखल झाल्याच्या तारखेपासूनच मोजायचं.

कॅशलेसवर, म्हणजे हॉस्पिटलला थेट पैसे देण्याच्या मंजुरीवर बसलेल्यांना या ढिगाला हात लावू देऊ नका. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय १ तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी लागते. त्यापुढे हॉस्पिटलनं जादा आकार लावला तर तो कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून जातो.

क्वेरी एकदाच, पूर्ण काढायची. आज डेंग्यूच्या एनएस१ चाचणीचा रिपोर्ट, पुढच्या आठवड्यात प्लेटलेटचा चार्ट, मग पैसे भरल्याची पावती, असं तुकड्यातुकड्यानं मागितलं की एकच फाइल तीनदा रांगेत येते. सगळ्यात जास्त अडतं ते खोलीभाड्यावर. विम्याचं कव्हर ५ लाख, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. रुग्ण राहिला ८,००० च्या खोलीत. मग पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची (मान्य भाड्याच्या प्रमाणात बाकी खर्चही कापण्याची) अट असेल तर डॉक्टरांची फी, ओटी वगैरे ६२.५ टक्केच मान्य होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही, आणि हॉस्पिटलचे दर खोलीप्रमाणे बदलत नसतील तर कपातच नाही. बिलात नुसतं ‘पॅकेज’ लिहिलेलं असलं की यातलं काहीच मोजता येत नाही. अशा वेळी बिलाचा ब्रेकअप (बाबवार तपशील) थेट हॉस्पिटलच्या बिलिंगकडून मागवा. गडचिरोलीच्या नातेवाइकाला त्यासाठी पुन्हा नागपूरला पळवू नका.

नामंजुरीच्या फायली कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मान्यतेशिवाय बंद करता येत नाहीत, त्यामुळे समितीची बैठक आधीच ठरवून ठेवा. पैसे परत आलेल्या फायलींत बहुधा आयएफएससी जुना असतो, बँक विलीन झालेली. त्याला क्लेम तपासणारा डॉक्टर कशाला? एका कारकुनानं फोन केला की काम होतं.