सत्कार आवरा, गावाचा लेख उघडा

२७ फेब्रुवारी जवळ आली की कॉलेजांमध्ये मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळांचं पीक येतं. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आभार आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये पोरं. तिथे सातव्या पोराला खातंच उघडता येत नाही, कारण एका आयपीवरून (म्हणजे एका इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) २४ तासांत सहाच खाती उघडतात. हे आयोजकांना आधी कोणी सांगत नाही, मग अर्धा तास "सर, एरर येतोय".

ज्यांचं खातं उघडतं ते आपल्या गावावर लिहितात, आणि त्यात गैर काय? "आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसले असून लोक अत्यंत प्रेमळ आहेत." संदर्भ शून्य. तासाभरात कोणीतरी जुना सदस्य पानकाढा साचा, म्हणजे "हे पान काढा" अशी तयार पाटी, लावून जातो, त्या पोराच्या चर्चा पानावर (निरोप ठेवायच्या पानावर) दुव्यांनी भरलेला स्वागत साचा पडतो, आणि ते पोरगं परत काही तिकडे फिरकत नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर सक्रिय संपादक घटत गेले, तेव्हाही अभ्यासकांना हेच एक कारण सापडलं होतं, चांगल्या हेतूने केलेली नवख्यांची संपादनं धडाधड उलटवली जात होती.

माझं म्हणणं एवढंच की तो लेख काढू नका, त्या पोराबरोबर बसा. जिल्ह्याची २०११ची जनगणना पुस्तिका नेटवर पीडीएफमध्ये मिळते, त्यात गावाचं नाव शोधायचं, लोकसंख्या लेखात टाकायची, संदर्भ कसा जोडायचा ते एकदा दाखवायचं, पुढचा आकडा त्यालाच टाकू द्यायचा. प्रेमळ लोक मग तो स्वतःच खोडतो, बघा! नंतर गावच्या एसटी स्टँडचा स्वतः काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढवायला सांगा (गूगलवरून उचललेला नाही हां). आणि चार दिवसांनी हाताने लिहा, साचा नको, "फोटो बघितला, शेजारच्या गावाचा पण मिळेल का?" आपल्याकडे कोणीतरी काहीतरी मागतंय म्हटल्यावर माणूस परत येतो.

पेपरातून जसंच्या तसं चिकटवलेलं मात्र लगेच काढाच, तिथे लाड नाहीत, फक्त का काढलं ते दोन ओळीत सांगा.

आणि यंदा कोणाकडे कार्यशाळा असेल तर पोरांना खाती आदल्या दिवशी घरूनच, आपापल्या मोबाइल डेटावर उघडून यायला सांगा.