ताशा, पुतणी आणि माओरी राणी

काल गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, ढोल-ताशा पथकाच्या प्रॅक्टिसला पुतणीला सोडायला गेले होते, बोटांना चिकटपट्टी गुंडाळून ती ताशा घेऊन पुढे उभी राहिली तर एक काका लगेच, अगं लीड पोरांना दे, तू मागे ढोल वाजव. मला तर न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरी लोकांची ती राणीच आठवली, न्गा वाई होनो इ ते पो, २०२४ मध्ये राजा असलेले वडील गेले आणि दोन मोठे भाऊ असूनही २७ वर्षांच्या या धाकटीला निवडलं. म्हणजे गादी आपोआप थोरल्याकडे जात नाही, माओरी जमातींची प्रमुख मंडळी बसून ठरवतात, आणि तिची आजीही १९६६ पासून ४० वर्षं राणी होती (हे काकांना सांगून उपयोग नव्हता). पुतणी काही बोललीच नाही, पट्टी दाताने तोडली आणि ताशा असा कडाडला की काका चहाला निघून गेले.