घरी लघवीची तपासणी: चार महिन्यांचा अनुभव

मुलगा सतरा वर्षांचा. गांजा ओढतो हे त्याने स्वतःहून सांगितलं. समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने आम्ही चार महिने घरी त्याच्या लघवीची तपासणी केली. त्यातलं उपयोगी पडेल तेवढं लिहिते.

किट आणण्याआधी मी, त्याचे बाबा आणि तो अशा तिघांनी एका कागदावर सह्या केल्या. नमुना चोरून घ्यायचा नाही. निकाल आम्ही आणि समुपदेशक यांच्यापलीकडे जाणार नाही. गांजा दिसला तर त्या दिवशी बोलणी खायची नाहीत, पुढच्या भेटीत बाईंसमोर बोलायचं. हा कागद नसेल तर किट आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पाच-सहा पदार्थ एकदम तपासणारी कार्डं मिळतात. घेताना मुदत बघा आणि प्रत्येक पट्टी किती प्रमाणाला पकडते तेही बघा. गांजासाठी बहुधा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. पाकीट नमुना समोर आल्यावरच फोडायचं, ओलाव्याने पट्टी बिघडते.

गडबड होते ती बाथरूममध्ये. नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये म्हणून आम्ही बादली आणि पाण्याचा मग बाहेर काढून ठेवायचो, गीझर बंद करायचो आणि बाबा दाराबाहेर थांबायचे. आत कुणी नाही. कपावर तापमानाची पट्टी असलेलाच कप घ्या. ताजी लघवी ३२ ते ३८ अंश सेल्सिअस दाखवते, पण चार मिनिटांच्या आत बघायला हवं. दिवस चिठ्ठी काढून सकाळीच ठरायचा, कारण आधी कळलं की भरपूर पाणी पिऊन नमुना पातळ करता येतो. पाण्यासारखी लघवी आली तर तो निकाल आम्ही धरला नाही. प्रयोगशाळेत क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना पातळ असल्याचा संशय घेतात.

आमच्या कार्डाची पद्धत अशी: खुणेच्या वर न जाता १५ सेकंद बुडवायचं, सपाट ठेवायचं, पाच मिनिटांनी वाचायचं. दहा मिनिटांनंतर दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. इथे दोन रेषा म्हणजे पदार्थ सापडला नाही. गर्भधारणेच्या चाचणीच्या बरोबर उलट, त्यामुळे घोटाळा हमखास होतो. दुसरी रेषा पुसट असली तरी ती रेषाच. वरची ‘सी’ रेषा, म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारी रेषा, नसेल तर कार्ड बाद.

गांजा सोडल्यावरही आमची पट्टी तीन आठवडे एकच रेषा दाखवत होती. रोज ओढणाऱ्याच्या शरीरातल्या चरबीत तो साठतो आणि सावकाश बाहेर पडतो. कधी महिनाही लागतो. एकदाच ओढला असेल तर तीनेक दिवसांत जातो. मुलगा खोटं बोलतोय असं मला दोनदा वाटलं. प्रयोगशाळेतून मोजून आणलेलं गांजाचं प्रमाण, लघवी किती पातळ आहे ते क्रिएटिनिनवरून हिशोबात धरून, दर आठवड्याला उतरत होतं. तेव्हा कळलं की तो खरं बोलत होता.

दिवाळीत अफूजन्य पदार्थांची रेषा गायब झाली. कारण होतं अनारशांवरची खसखस. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो आणि ३०० नॅनोग्रॅमची पट्टी तो पकडू शकते. इथे प्रयोगशाळेची पक्की तपासणीही सुटका करत नाही, कारण मॉर्फिन खरंच असतं. खसखस चार दिवस बंद ठेवून पुन्हा तपासलं, दोन रेषा आल्या. कोडीनच्या खोकल्याच्या औषधानेही हेच होतं. होळीची भांग मात्र गांजाच्याच पट्टीवर येते. म्हणून आठवडाभरातलं खाणं आणि औषधं आधी लिहून घ्या.

कार्डावर काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. हुंगायचं व्हाइटनर, सोल्युशन (पंक्चरचा गोंद) त्यात येत नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक अफूच्या साध्या पट्टीवर दिसत नाही आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नेहमीच्या कार्डावर भरवशाने सापडत नाही.

शाळेने निकाल मागितला होता. आम्ही दिला नाही, डॉक्टरांचं उपचार चालू असल्याचं पत्र दिलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही शाळांमधल्या सरसकट तपासणीला विरोध केला आहे, आणि तो मला पटतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन मोफत आहे. किट विकत घेण्याआधी तो करा.