निकाहाआधी जुना गुनाह सांगावा का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. हा प्रश्न माझ्याकडे बहुधा मंगनी झाल्यावर येतो: पूर्वी माझ्या हातून गुनाह घडला, मी तौबा (मनापासून पश्चात्ताप) केली आहे, तरी होणाऱ्या जोडीदाराला ते सांगितले नाही तर ती फसवणूक ठरेल का? माझे उत्तर ठाम आहे. ती फसवणूक नाही, आणि अल्लाहने झाकलेली गोष्ट आपण होऊन उघडी करू नये.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेले पैगंबरांचे वचन असे की, माझ्या साऱ्या उम्मतीला, म्हणजे अनुयायांना, माफी मिळेल, मात्र आपला गुनाह स्वतःच जाहीर करणाऱ्यांना नाही. आणि त्याचे उदाहरणही तिथेच आहे, रात्री केलेल्या ज्या कृत्यावर अल्लाहने पडदा टाकला ते सकाळी उठून दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसाचे. पैगंबरांचे सहकारी माइज बिन मालिक यांचा प्रसंगही अनेकांना ठाऊक असतो. ते व्यभिचाराची कबुली देण्यास आले तेव्हा पैगंबरांनी पुन्हा पुन्हा तोंड फिरवले, ही गोष्ट सांगितली जाते. पण त्यांना कबुलीसाठी पाठवणाऱ्या हज्जाल यांना पैगंबर काय म्हणाले ते क्वचितच सांगितले जाते: ‘तू त्याला आपल्या चादरीने झाकले असतेस तर ते तुझ्यासाठी अधिक चांगले झाले असते.’

लग्नाशी थेट संबंध असलेली नोंद इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात आहे. एका माणसाने आपल्या बहिणीसाठी मागणी घालणाऱ्याला तिच्या हातून घडलेले पाप सांगून टाकले. दुसरे खलिफा हजरत उमर यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या भावाला मारले, किंवा मारण्याच्या बेतात आले, आणि ही बातमी देण्याशी तुला काय करायचे होते, असे खडसावले. सख्ख्या भावालाही जे सांगण्याची मुभा नव्हती, ते चौकशीच्या नावाखाली जमातीत विचारत फिरण्याची मुभा मुलाकडच्यांना कुठून मिळाली, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. कुरआनातील सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत पाळत ठेवण्याची मनाई आहे, आणि ती स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. आपल्याकडे मात्र मुलीचाच भूतकाळ खणला जातो आणि मुलाला कोणी विचारतही नाही, याची मला मनापासून चीड येते.

मात्र ही मोकळीक सरून गेलेल्या आणि तौबा झालेल्या गोष्टीपुरतीच आहे. आज जे चालू आहे किंवा ज्याचा परिणाम जोडीदाराला भोगावा लागेल, ते सांगितलेच पाहिजे: संसर्गजन्य आजार, आधीचा निकाह, मूल, न सुटलेले व्यसन. कोकणातले बहुतेक मुसलमान इस्लामी कायद्याच्या ज्या शाफई पंथाचे आहेत, त्यात वेड किंवा महारोगासारखे दोष लपवले असतील तर निकाह मोडण्याचा हक्क मिळतो. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्त कैस यांनी आपल्याला आलेल्या लग्नाच्या मागण्यांबद्दल त्यांचा सल्ला विचारला तेव्हा मुआविया गरीब आहेत आणि अबू जहम खांद्यावरून काठी खाली ठेवत नाहीत (म्हणजे बायकांना मारहाण करतात), असे पैगंबरांनी स्पष्ट सांगितले आणि उसामा बिन जैद यांचे नाव सुचवले. ही दोघांची तेव्हाची स्थिती होती, आणि तिचा संसारावर परिणाम होणार होता.

जोडीदाराने समोर बसून विचारलेच तर काय करावे, हे सर्वांत अवघड आहे. असा प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क नाही, हे मी आधी सांगते. अनेक उलमा (धर्मपंडित) थेट खोटे बोलण्याऐवजी तौरिया, म्हणजे दुहेरी अर्थाचे उत्तर, सुचवतात. ‘मी जशी आज आहे तशी तुमच्यासमोर आहे, आणि मागचा हिशेब माझ्या आणि अल्लाहच्या मधला आहे,’ इतके शांतपणे म्हणणे मला त्याहून बरे वाटते.

आणि ज्यांनी आधीच सांगून टाकले आहे, त्यांच्या जोडीदारासाठी एक गोष्ट: ऐकल्या क्षणापासून ती गोष्ट झाकून ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. भांडणात ती पुन्हा काढणे किंवा आईच्या, बहिणीच्या कानावर घालणे तुम्हाला जायज नाही, तलाकची वेळ आली तरीही नाही.