ओपनबीएसडीचे स्नॅपशॉट, गुरुवार सोडून

माझ्या थिंकपॅड लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि ती कायम स्नॅपशॉटवर, म्हणजे चालू विकासातून वरचेवर निघणाऱ्या ताज्या आवृत्तीवर असते. हे कळलं की या क्षेत्रातले लोकसुद्धा विचारतात, "कामाच्या मशीनवर अर्धकच्ची सिस्टिम?" मला उलट वाटतं. रिलीज सहा महिन्यांनी येते, त्यामुळे सहा महिन्यांचे बदल एकदम अंगावर येतात. स्नॅपशॉट एएमडी64 (नेहमीचे 64-बिट पीसी) साठी जवळजवळ रोज निघतो. मी आठवड्या-दोन आठवड्यांनी घेते, त्यामुळे काही बिघडलंच तर ते कशाने, हे शोधायला फार मागे जावं लागत नाही.

घ्यायचा कसा, तर 'सिसअपग्रेड -एस'. ही आज्ञा 2019 मध्ये 6.6 च्या सुमारास आली. त्याआधी बीएसडी डॉट आरडी नावाचा इन्स्टॉलरचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः उतरवून, त्यातून बूट करून, प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागे. आता सिस्टिमच्या फायलींचे सगळे संच /होम/_सिसअपग्रेड मध्ये उतरतात, सिग्निफाय या साधनाने त्यांची डिजिटल सही तपासली जाते आणि मशीन आपणहून रिबूट होतं. पडद्यावर अक्षरं येतात आणि एकेका संचापुढे चांदण्यांची रांग सरकत शंभर टक्क्यांपर्यंत जाते. बेस, म्हणजे मूळ सिस्टिमच्या संचाची रांग सगळ्यात रेंगाळते. मग पुन्हा रिबूट, सिसमर्ज /ईटीसी मधल्या सेटिंगच्या फायली जुळवतं, फर्मवेअर ताजं होतं. नवीन काही आलेलंच नसेल तर 'ऑलरेडी ऑन लेटेस्ट स्नॅपशॉट' एवढं सांगून गप्प. मी हे गुरुवारी करत नाही. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, आणि या लॅपटॉपच्या बॅटरीवर माझा भरवसा नाही.

सुरू करण्याआधी प्रकल्पाचं 'फॉलोइंग करंट' हे पान वाचायचं (करंट म्हणजे विकास चालू असलेली आवृत्ती, स्नॅपशॉट तिचेच). हाताने काही करायचं असेल तर तारखेसकट तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा आपल्या कामाचं काही नसतं, तरी वाचायचं.

सोर्सवरून सगळं स्वतः बांधण्याची हौस असलेले मित्र आहेत. त्यांना मी 5.5 ची आठवण करून देते. 2014 च्या त्या रिलीजमध्ये टाइम_टी, म्हणजे वेळ साठवायचा आकडा, 64 बिटांचा झाला. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्रॅम चालेनात, म्हणजे जुन्या सिस्टिमवर बसून नवी बांधायची वाटच बंद. तेव्हाही मार्ग एकच होता: स्नॅपशॉट घ्या.

खरी कटकट पॅकेजेसची, म्हणजे फायरफॉक्ससारख्या वरून बसवलेल्या प्रोग्रॅमची. बेस आज नवा झाला, त्यात लिबसी या मूळ लायब्ररीचा आवृत्तीचा आकडा वाढला, पण पॅकेजेस अजून जुन्या आकड्यावर बांधलेली. मग पॅकेजेस ताजी करणारं 'पीकेजी_ॲड -यू' लायब्ररी सापडत नाही म्हणून कुरकुरतं. घाबरायचं कारण नाही. जुन्या लायब्ररी अपग्रेडमध्ये पुसल्या जात नाहीत, त्यामुळे आधीपासून असलेला फायरफॉक्स बहुधा चालत राहतो. दोन दिवस थांबून पुन्हा चालवायचं. लोक इथेच उतावीळपणा करून लायब्ररींच्या सिमलिंका (एका नावावरून दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारे दुवे) जोडत बसतात आणि मग रडतात.

रिलीज जवळ आली की आणखी एक गंमत. आवृत्तीपुढचं 'करंट' जाऊन 'बीटा' येतं, आणि मग तेही जातं. आता पीकेजी_ॲडला वाटतं की आपण रिलीजवर आहोत, आणि ते अजून न भरलेल्या फोल्डरात पॅकेजेस शोधू लागतं. तेवढ्या काळात '-डी स्नॅप' जोडायचं, आणि सिसअपग्रेडलाही '-एस' न विसरता द्यायचं.

परतीची वाट मात्र नाही. करंटवरून मागच्या रिलीजवर उतरायची सोयच नाही. पुढची रिलीज येईपर्यंत थांबा, नाहीतर नव्याने इन्स्टॉल करा. म्हणून घरचा राऊटर मी रिलीजवरच ठेवलाय. सिसपॅच, म्हणजे तयार दुरुस्त्या, हाही फक्त रिलीजलाच मिळतो, आणि राऊटरच्या बाबतीत मला एवढंच हवं असतं की आईची मालिका मध्येच अडकू नये.